जुहू ते ओझर: सिम्युलेटरमधल्या उड्डाणाची सुरक्षित उंची

फ्लाइट सिम्युलेटरमध्ये उड्डाणाचा आराखडा करताना विमान, विमानतळ आणि हवामान हौसेने निवडले जाते. उंचीच्या रकान्यात मात्र ३,००० किंवा ५,००० असा हाताला येईल तो गोल आकडा पडतो. सपाट प्रदेशात हे खपून जाते. जुहूहून उडून ठाणे, भिवंडी, कल्याणच्या बाजूने पूर्वेला निघालेल्या विमानाला ते महागात पडते, कारण या भागातली जमीन समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांच्या वर जाते ती जेमतेम साठ सागरी मैलांत. (एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, वैमानिकांचे अंतराचे हिशेब याच मापात आणि उंचीचे फुटांत चालतात.)

ही चढण टप्प्याटप्प्याने होते आणि तिचे टप्पे लोकलने जाणाऱ्या कोणालाही ओळखीचे आहेत. जुहूची धावपट्टी जवळजवळ समुद्राच्या पातळीलाच आहे. ठाण्याच्या पाठीशी असलेल्या येऊरच्या रांगेचा माथा सुमारे १,५०० फूट. डोंबिवली-कल्याणच्या गच्च्यांवरून दिसणारा मलंगगड अडीच हजार फुटांच्या वर, त्याच्या दक्षिणेला माथेरान २,६२५ फूट, आसनगावजवळचा माहुली सुमारे २,८०० फूट. कसारा ओलांडला की आकडे एकदम बदलतात. त्र्यंबकजवळची अंजनेरी सुमारे ४,२५० फूट, अलंग आणि कुलंग ४,८०० च्या पुढे, आणि कळसूबाई ५,४०० फूट. शिवाय घाट चढून गेल्यावर जमीन पुन्हा खाली येत नाही. इगतपुरी, नाशिक, पुणे ही सगळी गावे दोन हजार फुटांच्या आसपासच्या पठारावर आहेत.

नवख्याची पहिली चूक इथेच होते. अल्टिमीटर समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो, पायाखालच्या जमिनीपासूनची नाही. ३,५०० फूट दाखवणारा काटा डोंबिवलीवर साडेतीन हजार फुटांचे मोकळे आकाश सांगतो. तोच काटा तसाच ठेवून नाशिकवर पोचलेले विमान जमिनीपासून फक्त सोळाशे फुटांवर असते. मधल्या डोंगरांचा तर प्रश्नच नाही, ते त्याच्या डोक्याच्या वर असतात.

सुरक्षित उंची काढण्याची रीत सोपी आहे, पण तिचा क्रम चुकवता कामा नये. आधी नकाशावर मार्गाची रेघ मारावी. मग त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना पट्टा धरावा, कारण विमान रेघेवरून जात नाही. वारा ते ढकलतो, वळण मोठे होते, वैमानिक नकाशा पाहत बसतो. स्वच्छ हवेत, खुणा दिसत असताना दोन्ही बाजूंना पाच सागरी मैल पुरतात. ढगात, रात्री किंवा लांबच्या उड्डाणात दहा धरावेत. त्या पट्ट्यातला सर्वांत उंच माथा शोधावा आणि त्यावर अंतर ठेवावे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा उपकरणांवरच्या उड्डाणासाठीचा नियम असा आहे: डोंगराळ भागात विमानाच्या अंदाजित जागेपासून आठ किलोमीटरच्या आतल्या सर्वांत उंच अडथळ्यापेक्षा किमान २,००० फूट वर, इतरत्र १,००० फूट वर. नजरेने चालवलेल्या उड्डाणाला कायदा बरीच सूट देतो. वस्तीबाहेर जमिनीपासून ५०० फूट राखले तरी तो समाधानी असतो. सह्याद्रीत मात्र ही सूट घेऊ नये. सिम्युलेटरमध्ये जीव जात नाही हे खरे, पण दोन तासांचे उड्डाण जाते. डोंगराच्या नोंदलेल्या उंचीत माथ्यावरचे मनोरे बहुधा धरलेले नसतात, तेही लक्षात ठेवावे.

आता जुहू ते नाशिकजवळचे ओझर हा मार्ग घ्यावा. अंतर सुमारे ८६ सागरी मैल, दिशा ०४५ अंश, म्हणजे नेमकी ईशान्य. मुंबईच्या परिसरात खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतला फरक एका अंशाहूनही कमी असल्याने दिशेत दुरुस्ती करावी लागत नाही. ही रेघ येऊर आणि ठाणे शहर यांच्या मधून जाते, भिवंडीवरून पुढे सरकते, माहुलीच्या माथ्याला जवळजवळ चाटून जाते आणि मग मध्य रेल्वेच्या मार्गाच्या आसपास राहत कसारा, इगतपुरीजवळून पठारावर चढते. कल्याण उजव्या हाताला पाच-सहा मैलांवर राहते.

या रेघेभोवती पाच मैलांचा पट्टा धरला, तर अंजनेरी डावीकडे पट्ट्याच्या कडेवर येते. म्हणजे माथा ४,२५०. त्यावर एक हजार ठेवले तर ५,२५०, दोन हजार ठेवले तर ६,२५०. पट्टा दहा मैलांचा केला की उजवीकडून अलंग-कुलंग त्याच्या कडेशी येतात आणि कळसूबाई कुंपणाच्या थोडीच बाहेर उभी राहते. तिच्यावर दोन हजार म्हणजे ७,४००. एकाच मार्गाची तीन उत्तरे निघाली, आणि तिन्ही आपापल्या अटींवर बरोबर आहेत. लख्ख हिवाळी सकाळ, ओळखीचा मार्ग असेल तर पहिले चालेल. एरवी शेवटचे घेण्यात शहाणपण आहे, आणि त्याचे कारण फक्त डोंगर नाही. सेस्ना १७२ सारखे विमान इंजिन बंद पडल्यावर दर हजार फुटांमागे साधारण दीड सागरी मैल तरंगत जाते. इगतपुरीच्या पठारावर ७,५०० फुटांवर असलेल्या विमानाला आठ मैलांच्या आतले शेत निवडायची मुभा असते. ५,५०० वर असलेल्याला पाच मैलांचीच.

नकाशावर चौकोनाचौकोनांतून छापलेली सुरक्षित उंची, जिला ग्रिड मोरा म्हणतात, ती हेच काम आयते करून देते. एक अंश अक्षांश आणि एक अंश रेखांशाच्या चौकोनातला सर्वांत उंच अडथळा घेऊन, तो ५,००० फुटांपर्यंत असेल तर एक हजार आणि त्याहून उंच असेल तर दोन हजार फूट त्यात मिळवलेले असतात. हा आकडा घाईत हाताशी असावा, पण त्याचा ढोबळपणाही ओळखावा. ठाणे स्टेशन ७३ अंश रेखांशाच्या किंचित पश्चिमेला येते, डोंबिवली आणि कल्याण पूर्वेला. त्यामुळे कल्याण हे कळसूबाईच्या चौकोनात पडते आणि उल्हास नदीच्या काठच्या सपाटीवरही चौकोनाची उंची सात हजारांच्या पुढे निघते, तर तिथून काही मिनिटांवरच्या ठाण्याचा चौकोन त्याच्या निम्म्यावर समाधान मानतो. मलंगगड आणि माथेरान पाहायला निघालेल्याने हा आकडा पाळलाच पाहिजे असे नाही. त्याच्या पट्ट्यात माथेरानहून उंच काही नसेल तर ४,७०० फुटांच्या आसपासची उंची त्याला भरपूर होते. ढगात शिरलेल्याने मात्र चौकोनाचा आकडा मोडू नये.

किमान उंची निघाली की ती दिशेच्या नियमात बसवायची. चुंबकीय मार्ग ००० ते १७९ अंशांत असेल तर विषम हजार, १८० ते ३५९ अंशांत असेल तर सम हजार. नजरेने उडणाऱ्याने त्यात ५०० मिळवायचे. पूर्वेला जाणाऱ्याला ३,५००, ५,५००, ७,५००. पश्चिमेला येणाऱ्याला ४,५००, ६,५००, ८,५००. हा नियम ३,००० फुटांच्या वर लागू होतो. ओझरला जाताना ७,४०० हवेत म्हणून ७,५०० बरोबर बसते. परतीची दिशा २२५ अंश, म्हणजे सम: ६,५०० किंवा ८,५००. पाच मैलांच्या पट्ट्याच्या हिशेबाने ६,५०० पुरते. ढग असतील तर ८,५०० घ्यावे. आकडा नेहमी वरच्या बाजूला सरकवावा, खाली कधीच नाही. ५,२५० लागत असताना सम आकडा हवा म्हणून ४,५०० घेणारे आराखडे सिम्युलेटर मुकाट्याने स्वीकारतो.

समोरासमोर येणाऱ्या विमानांत उंचीचा फरक राहावा म्हणून हा नियम आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातल्या चरखी दादरीजवळ सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचे इल्युशिन ७६ हवेत धडकले आणि ३४९ माणसे मेली. बोइंगला १४,००० फूट दिले होते, इल्युशिनला १५,०००. इल्युशिन आपल्या उंचीखाली उतरले. एकट्याने खेळणाऱ्याला समोरून कोणी येणार नाही असे वाटू शकते, पण व्हॅटसिमसारख्या जाळ्यावर, जिथे दुसऱ्या टोकाला खरी माणसे विमाने चालवतात आणि नियंत्रकही माणूसच असतो, तिथे चुकीच्या उंचीवरचे विमान लगेच टोकले जाते.

अल्टिमीटर हे हवेचा दाब मोजणारे यंत्र आहे. त्याच्या तबकडीवर एक छोटी खिडकी असते आणि तिच्यात त्या ठिकाणचा, समुद्रसपाटीला आणलेला दाब लावावा लागतो. यालाच क्यूएनएच म्हणतात. न लावल्यास प्रमाण मूल्य १०१३ राहते. एका हेक्टोपास्कलमागे उंचीत सुमारे २८ फुटांचा फरक पडतो. मुंबईत ऐन पावसाळ्यात दाब १००४ च्या आसपास असतो. अशा दिवशी खिडकीत १०१३ तसेच ठेवून उडालेले विमान काट्यावर दिसते त्याहून अडीचशे फूट खाली असते, आणि बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा महाराष्ट्रावर आला असेल तर आणखी खाली. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये ‘बी’ ही कळ दाबली की स्थानिक दाब आपोआप लागतो. लांबच्या मार्गावर ती मधूनमधून दाबत राहावी. संक्रमण उंचीच्या वर गेल्यावर मात्र सर्वांनी १०१३ च लावायचे असते आणि उंचीला फ्लाइट लेव्हल म्हणायचे असते. ही संक्रमण उंची देशागणिक, विमानतळागणिक बदलते. अमेरिकेत ती १८,००० फूट आहे, भारतात त्याहून बरीच खाली. परदेशी मार्गदर्शिका वाचून शिकलेले पुष्कळ जण इथे फसतात. चार्टच्या कोपऱ्यात ती छापलेली असते, तिथून घ्यावी.

ठरलेली उंची वेळेत गाठता येईल का, हा पुढचा प्रश्न. सेस्ना १७२ समुद्रसपाटीला मिनिटाला सुमारे ७३० फूट चढते, पण हे पुस्तकातले, प्रमाण तापमानातले आकडे. मे महिन्याच्या दुपारी ३५ अंशांत जुहूची धावपट्टी इंजिनाच्या दृष्टीने अडीच हजार फुटांवर असल्यासारखी होते. चार माणसे आणि भरलेली टाकी घेऊन सरासरी ५०० फुटांचा वेग धरणे रास्त. ७,५०० फुटांना पंधरा मिनिटे लागतील. ८० नॉटने, म्हणजे ताशी ८० सागरी मैलांनी, चढताना तेवढ्यात २० सागरी मैल कापले जातील. म्हणजे भिवंडी मागे टाकल्यावर थोड्याच वेळात विमान आपल्या उंचीवर असेल आणि ३३ मैलांवरचा माहुली सुखाने पार होईल. मिनिटाला २५० फूटच मिळत असतील, तर हेच गणित माहुलीपर्यंत जेमतेम सहा हजार देते आणि ७,५०० कसाऱ्याच्या थोडेसेच आधी. अजून जमते, पण खेळायला जागा उरत नाही. त्याहून कमी मिळत असेल तर ठाण्याच्या खाडीवर एक-दोन फेऱ्या मारून उंची घ्यावी आणि मग पूर्वेला वळावे. ऑटोपायलटवर भरवसा ठेवून हा हिशेब टाळू नये. त्याला उंची कळते, डोंगर कळत नाही. हवा विरळ झाली तरी तो नाक वर उचलत राहतो आणि वेग मरतो.

उतरण्याचा हिशेब चढण्याइतकाच महत्त्वाचा आहे, आणि या भागाचा इतिहास पाहता जास्तच. १२ जुलै १९४९ रोजी केएलएम कंपनीचे कॉन्स्टेलेशन विमान पावसाळी हवेत सांताक्रूझला उतरण्याच्या प्रयत्नात घाटकोपरच्या टेकडीवर आदळले. ४५ जण गेले, त्यांत तेरा अमेरिकी पत्रकार होते. ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्रीनंतर सिडनीहून निघालेले, बँकॉकमार्गे मुंबईला येणारे अलितालियाचे डीसी-८ जुन्नरच्या परिसरातल्या डोंगरावर सुमारे ३,६०० फुटांवर आदळले आणि विमानातले सर्व ९४ जण ठार झाले. आपण मुंबईच्या बरेच जवळ आलो आहोत अशा समजुतीने वैमानिकांनी अंधारात, ढगांत वेळेआधी उतरायला सुरुवात केली होती. यंत्रात बिघाड नव्हता. पुढे पश्चिमेला विमानाच्या उंचीला साजेसे कोकण होते, पण ते अजून आलेले नव्हते. पूर्वेकडून मुंबईला येणाऱ्या प्रत्येक आराखड्यात ही एक गोष्ट तपासावी: सह्याद्रीची शेवटची रांग मागे पडल्याची खात्री वेळेवरून की जागेवरून? खात्री जागेवरूनच हवी.

ओझरहून परत येताना ६,५०० वरून जुहूच्या वर १,००० फुटांवर यायचे, म्हणजे ५,५०० फूट उतरायचे. मिनिटाला ५०० फूट धरले तर अकरा मिनिटे, १२० नॉटने २२ सागरी मैल. उतरण सुरू करण्याची जागा जुहूपासून २२ मैलांवर येते. तोपर्यंत माहुली दहा मैल मागे पडलेला असतो आणि टिटवाळा डाव्या हाताला मागे सरकत असतो. जेट विमानाला तीन अंशांचा उतार लागतो, त्यात प्रत्येक मैलाला सुमारे ३०० फूट कमी होतात. म्हणून दर हजार फुटांना तीन मैल हे तोंडी गणित. ३६,००० फुटांवरून येणाऱ्याने शंभर-सव्वाशे मैल आधीच तयारीला लागावे. पण उतार बरोबर आहे म्हणून उंची सुरक्षित आहे असे होत नाही. प्रत्येक विमानतळाच्या चार्टवर २५ मैलांच्या वर्तुळात दिशेनुसार किमान उंची दिलेली असते आणि ती त्या भागातल्या अडथळ्यांपेक्षा किमान हजार फूट वर असते. उतरणीची रेघ त्या आकड्यांच्या खाली जात असेल तर उतरण पुढे ढकलावी आणि नंतर जास्त वेगाने उतरावे.

हवामान या सगळ्या गणिताला एका फटक्यात रद्द करू शकते. नजरेने उडणाऱ्याला ढगांपासून उभे १,००० फूट आणि आडवे दीड किलोमीटर अंतर ठेवावे लागते. जुलैत कसाऱ्यावर ढगांचा तळ कित्येकदा माथ्यांच्याही खाली असतो. अशा वेळी ६,५०० ला ढग आहेत म्हणून ३,००० वरून घाटाच्या खिंडीतून घुसण्याचा मोह होतो, कारण खाली रेल्वेचे रूळ दिसत असतात. दरी पुढे अरुंद होत जाते आणि वळायला जागा उरत नाही. आराखड्यातली किमान उंची ढगांविना मिळत नसेल तर तो मार्ग त्या दिवशी बंद समजावा. किनाऱ्याने दमण किंवा रत्नागिरीला जावे, नाहीतर उपकरणांवरचे उड्डाण आखावे.

पावसाळी वाऱ्याची एक गोष्ट घाट चढताना जाणवत नाही, उतरताना जाणवते. नैर्ऋत्येचा वारा सह्याद्रीच्या कोकणाकडच्या भिंतीवर आदळून वर उठतो आणि विमानाला फुकट उंची देतो. धारेच्या पूर्वेला तोच वारा खाली कोसळतो. नाशिक किंवा पुण्याहून मुंबईला येणारे विमान त्यामुळे नेमके धारेच्या अलीकडे, समोरच्या वाऱ्याने मंदावलेले असताना खाली दाबले जाते. वाऱ्याच्या दिवशी परतीच्या उंचीत आणखी हजार-दोन हजार मिळवावेत आणि धारेकडे सरळ न जाता तिरके, ४५ अंशांत जावे, म्हणजे माघार घ्यायला अर्धेच वळण लागते. नव्या सिम्युलेटरांत हा वारा बऱ्यापैकी उतरवलेला आहे.

हे सगळे कागदावर करण्याची गरज उरलेली नाही. लिटल नॅवमॅप हा मोफत कार्यक्रम मार्गाखालच्या जमिनीचा उभा छेद काढून दाखवतो आणि दिशेच्या नियमात उंची बसवूनही देतो. स्कायव्हेक्टरवर नकाशे मिळतात, सिमब्रीफ जेट विमानांचे पूर्ण आराखडे बनवून देते. छेदाच्या चित्राची एक मर्यादा आहे: ते प्रामुख्याने रेघेखालची जमीन दाखवते. जुहू-ओझरच्या छेदात कळसूबाई उठून दिसत नाही, कारण ती रेघेपासून तेरा-चौदा मैल दूर आहे. रेघ चुकली की ती समोर येते. म्हणून छेद पाहून झाल्यावर नकाशाही पाहावाच. जी १००० सारख्या काचेच्या फलकावर जमिनीचे रंग दिसतात. विमानापेक्षा उंच किंवा खाली शंभर फुटांच्या आत असलेली जमीन लाल, त्याखाली हजार फुटांपर्यंतची पिवळी. ठरलेल्या उंचीवर सरळ जात असताना पिवळा रंग दिसू लागला तर उंची चुकलेली आहे. जुन्या सिम्युलेटरांतले डोंगर गोलसर असत, सुळक्यांची टोके त्यांत बोथट होत. तरी अंतर प्रत्यक्षातल्या उंचीवरूनच मोजावे.

मोठ्या विमानांना सह्याद्रीची अडचण फक्त चढता-उतरताना असते. मुंबई-दिल्ली मार्ग पूर्वेच्या अर्धवर्तुळात येतो, म्हणून फ्लाइट लेव्हल ३३०, ३५०, ३७०. परतीला ३२०, ३४०, ३६०. लेव्हल २९० ते ४१० दरम्यान विमानांत हजार फुटांचे अंतर चालते, त्याच्या वर दोन हजारांचे. छोट्या मार्गावर उंच जाण्याचा हट्ट धरू नये. मुंबई-नाशिकला एटीआर घेतले तर दहा ते तेरा हजारांत काम भागते, कारण चढून स्थिर होईपर्यंत उतरण्याची वेळ होते. बिनदाबाच्या छोट्या विमानाने १०,००० फुटांच्या वर अर्ध्या तासाहून जास्त काळ राहायचे तर प्राणवायू लागतो, ही मर्यादा सिम्युलेटर बहुधा लादत नाही, पण आराखड्यात ती असावी. लेहसारख्या ठिकाणी, जिथे धावपट्टीच १०,६८२ फुटांवर आहे, तिथे पट्टा, माथा, दोन हजार फूट आणि दाब हाच क्रम लागू पडतो, फक्त आकडे वीस हजारांच्या पुढे जातात. थंडीही मोजावी लागते: प्रमाण तापमानापेक्षा हवा दर दहा अंशांनी थंड असली की खरी उंची दाखवलेल्या उंचीपेक्षा सुमारे चार टक्क्यांनी कमी असते. सह्याद्रीवर ही वजाबाकी सहसा करावी लागत नाही.